खोल्या तीन, झाल्या तीन

डास चावला की लगेच लांब उडून जात नाही. पोटात रक्त भरलेलं असतं, अंग जड झालेलं असतं. तो जवळच्या भिंतीवर जाऊन बसतो. भिंत अंधारी आणि गार असली तर त्याला अधिक बरं. मलेरियाच्या फवारणीचं सगळं शास्त्र एवढ्यावरच उभं आहे. तो ज्या भिंतीवर बसणार तिथे आधीच औषध मारून ठेवायचं, म्हणजे बसला की मेला. डासाच्या मागे धावायचं नाही. फक्त भिंत चुकवायची नाही.

हे काम मी एकच वर्ष केलं. एवढ्याशा नोकरीवर दिवाळी अंकात लिहावं की नाही, याबद्दल माझ्या मनात संकोच आहे. या अंकात ज्यांचे अनुभव छापून येतात त्यांचे केस कामात पिकलेले असतात. मी अजून कॉलेजात शिकतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. पण हॉस्टेलात एकदा मी या कामाबद्दल बोललो, ते संपादकांच्या कानावर गेलं आणि त्यांनी लिहून मागितलं. म्हणून जे झालं ते लिहितो. माझी चूकही लिहितो, नाहीतर लिहिण्यासारखं फारसं उरत नाही.

आमचं गाव मूल तालुक्याकडचं, धानाचं. मॅट्रिक झालो त्या वर्षी सरकारनं चांदा जिल्ह्यात फवारणीची पथकं काढली. मला आलापल्लीच्या पुढच्या, माडिया लोकांच्या जंगलातल्या पथकात घेतलं. पथकात पंपवाले, एक स्वयंपाकी, बैलगाडीवाला आणि मी. मला लिहिता येत होतं म्हणून नोंदवही माझ्याकडे. त्यामुळे गावोगावचे लोक मला 'मुन्शी' म्हणत. आमच्या वर पोतदारसाहेब नावाचे इन्स्पेक्टर होते, नागपूरचे.

पंपाला दोन माणसं लागतात. बादलीत औषध कालवून त्यात पंप उभा करायचा, पंपाच्या पायरीवर एक पाय ठेवून दांडा वरखाली करायचा, हे एकाचं काम. दुसऱ्यानं लांब नळी धरून भिंतीवर पट्ट्यापट्ट्यानं फवारा मारायचा. घरातली भांडी, धान्य, कोंबड्या आधी बाहेर. फवारणी झाली की मी दाराच्या चौकटीवर गेरूनं लिहायचो: खोल्या किती, झाल्या किती. तेच नोंदवहीत.

आमच्या नळीवर गणपत होता. घुग्घुसच्या खाणीत काम करून आलेला, तोंडाळ आणि कामाला चोख. त्याची काही मतं पक्की होती. धानवाले कंजूष, तेलंगे तिखट खातात म्हणून भांडतात, आणि जंगलातले लोक आतल्या खोलीत मोहाची दारू लपवतात. पोतदारसाहेबांची मतं याच्या अगदी उलट. ते मनानं फार चांगले होते. संध्याकाळी खुर्चीवर बसून ते म्हणत, "माडिया माणूस म्हणजे निर्मळ झरा. त्याला खोटं बोलताच येत नाही. आपण शहरातले लोक बिघडलो." मला त्यांचं बोलणं आवडायचं. गणपतचं ऐकून हसू यायचं, साहेबांचं ऐकून आपण मोठ्या कामाला आलो आहोत असं वाटायचं.

ज्या गावाबद्दल लिहितो आहे त्याचं नाव देत नाही. एटापल्लीच्या बाजूचं, वीस-बावीस घरांचं गाव. पहिल्या फेरीत आम्ही ज्येष्ठात तिथे पोचलो. गावचा पाटील लालसू जंगलखात्याच्या डेपोवर काम करून आलेला, म्हणून त्याला आमची बोली येत होती. खांद्यावर कुऱ्हाड, अंगानं काटक. आम्ही त्याच्या अंगणात बसलो तसं त्यानं पहिलं विचारलं, "किती देवाचे तुम्ही?"

मला कळेना. तेव्हा आमच्या गाडीवाल्यानं सांगितलं. या लोकांत घराणी देवांच्या संख्येवरून ओळखली जातात. कोणी चार देवांचे, कोणी पाच, सहा, सात. एका संख्येचे सगळे भाऊ. त्यांच्यात लग्न होत नाही, आणि घरात कुठवर यायचं तेही त्यावरूनच ठरतं.

गणपत म्हणाला, "आमचे तेहतीस कोटी."

लालसूनं खांद्यावरची कुऱ्हाड खाली ठेवली. मग म्हणाला, "मंग तं तुम्ही सारेच भाऊ-बहीन झाले. लगन कोनासंग करता?"

अंगणातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गणपत उठून पंपाकडे गेला.

त्या हसणाऱ्यांत लालसूची सून बुकली होती. तिला सातवा महिना होता. आधीची दोन लेकरं पावसाळ्यातल्या तापानं गेलेली, एक चार महिन्यांचं आणि एक वर्षाचं. हे लालसूनंच सांगितलं, आणि पोतदारसाहेबांनी त्याला शब्द दिला, "औषध मारलं की ताप कमी होईल. हे लेकरू जगेल."

लालसूच्या घरापासूनच काम सुरू झालं. बाहेरची पडवी झाली, मधली खोली झाली. आतल्या खोलीच्या दाराला बांबूची चटई लावलेली होती आणि तिच्यासमोर लालसू उभा होता.

गणपत माझ्या कानाशी म्हणाला, "पाह्य. म्या काय म्हटलं होतं? मोहाची आहे तिथी. जाऊ दे, गरिबाची दारू कायले उघडी पाडतो?"

साहेब अंगणातून आले. "पाटील, सगळ्या खोल्या झाल्या का?"

"झाल्या," लालसू म्हणाला.

"आतली?"

"झाली."

साहेब माझ्याकडे वळले. "लिही."

मी चौकटीजवळ होतो. फवारणी झालेल्या खोलीच्या उंबऱ्यावर औषधाचे पांढरट शिंतोडे उडतात. या उंबऱ्यावर एकही शिंतोडा नव्हता. मला दिसलं. साहेब म्हणतात ते खोटं कसं असेल, आणि गणपत म्हणतो ते खरं असेल तर कोणाची लाज कशाला काढा, असे दोन्ही विचार एकदमच मनात आले. मी लिहिलं: खोल्या तीन, झाल्या तीन. दुसऱ्या घरातही चटई, तिसऱ्यातही. प्रत्येक घरात कोणीतरी "झाली" म्हणालं आणि मी प्रत्येक चौकटीवर तसंच लिहीत गेलो.

एक समजूत वाईट होती आणि एक चांगली. दोन्हींनी मिळून मला एकाच जागी उभं केलं, उंबऱ्याच्या बाहेर.

नंतर यावर मी पुष्कळ विचार केला. नागपूरला आलो तेव्हा हॉस्टेलातल्या मुलांनी मला विचारलं, "तुमच्या चांद्याकडे वाघ अंगणात येतात म्हणे?" माझं 'मले-तुले' ऐकून त्यांनी मला जंगलातला ठरवलंच होतं. मी हो म्हणालो. वर एक वाघ आमच्या गोठ्यापर्यंत आणून सोडला. खरं म्हणजे मी आयुष्यात वाघ पाहिलेला नाही. पण त्यांना हेच ऐकायचं होतं, आणि मलाही त्यांच्यात बसायला जागा हवी होती. समोरच्यानं आपल्याबद्दल आधीच ठरवलेलं असलं की त्याला हवं ते देऊन मोकळं होणं किती सोपं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. कळलं तेव्हा लालसूच आठवला.

दुसऱ्या फेरीला आम्ही आश्विनात गेलो. पावसाळा नुकताच सरला होता, कोसरीचं बारीक धान्य कापणीला आलं होतं. साहेब दुसऱ्या पथकाबरोबर अहेरीकडे होते, दोन दिवसांनी येणार होते. लालसूच्या पडवीत बुकली घोंगडी पांघरून कुडकुडत पडली होती. शेजारी तिची सासू दोन महिन्यांचं लेकरू घेऊन बसली होती. मुलगा होता. लेकरू अजून बरं होतं, पण ताप बुकलीच्या अंगात होता, आणि आईचं रक्त प्यालेला डास रात्री त्याच घरात लेकरालाही चावणार होता.

मी विचारलं, "हे निजतात कुठी?"

"आत," लालसू म्हणाला. "पावसाची गार हवा लागते म्हणून."

मी चटईकडे पाहिलं. माझ्याच अक्षरात वर लिहिलं होतं, झाल्या तीन. मी लालसूला बाजूला घेऊन म्हटलं, "पाटील, आतली भिंत तवा झाली नव्हती. मले माहीत होतं. तुम्ही खोटं काऊन बोलले?"

तो चिडला नाही. म्हणाला, "तुझ्या साहेबाले 'झाली' हेच ऐकाचं होतं. नाई म्हटलं असतं तं तो आत गेला असता. आत आमचे गेलेले लोक राह्यतात."

आतल्या खोलीत पूर्वजांचं मडकं असतं. त्या घराण्याच्या देवांचा नसलेला माणूस तिथे जात नाही. लालसूची स्वतःची बहीण, लग्न होऊन दुसऱ्या देवांच्या घरी गेली, तीही माहेरी आली की चटईच्या अलीकडे थांबते. लग्न होऊन घरात आलेली सून मात्र या देवांची होते. दारूचं काही नव्हतं. दारू पडवीतच होती, सगळ्यांसमोर.

मी म्हटलं, "मले सांगाचं होतं. मी तं आत घुसलो नसतो."

"खालचे लोक एकदा शिरले का निंगत नाईत," तो म्हणाला. खालचे म्हणजे आम्ही, मैदानातले. "जंगलात शिरले, निंगाले काय?"

मला लागलं. मी म्हटलं, "मी तसा नाई, पाटील."

"तू नाई. म्या कुठी म्हटलं? पर तू एकटा कुठी येतेस? तुझ्यासंग सारेच येतात."

याला अजूनही मला चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

मागून बुकलीच्या दातांचा आवाज येत होता. गोळ्या आमच्याकडे होत्या, त्या मी तिला दिल्या. पण भिंत तशीच होती. मी विचारलं, "आत जाऊ कोन शकते?"

"आमच्या देवाचा. म्या, चैतू." चैतू म्हणजे त्याचा मुलगा, बुकलीचा नवरा.

"मंग चैतूच मारते औषध."

गणपत उडालाच. "अबे, येडा झाला काय? सरकारी पंप आहे. तोटी मोडली तं कोन भरून देईन? आन् ह्याले जमते काय?"

"तुले कोनी शिकवलं होतं?"

"म्या खानीत काम केलं आहे."

"तो जंगलात करते."

गणपत मोठ्यानं श्वास सोडून खाली बसला. मग त्यानं चैतूला हाक मारली. एका मोडक्या कुडावर आधी साधं पाणी मारून दाखवलं. चैतू नळी भिंतीला टेकवून एकाच जागी धरत होता, पाणी ओघळून खाली येत होतं. "भिंत धून राह्यला काय बे! हातभर लांब धर. वरून खाली, मंग खालून वर. बायकोले घाबरतेस तसा मांग सरक जरा." पडवीतून सासू काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले. गणपतनं विचारलं, "काय म्हन्ते?" लालसू म्हणाला, "म्हन्ते, ह्या खालच्याले बायको आहे काय? का सारेच बहिनी हायेत?"

दुपारपर्यंत चैतूचा हात बसला. मग चटई बाजूला झाली. बादली आणि गणपत उंबऱ्याबाहेर, चैतू नळी घेऊन आत. गणपत पंप मारत होता आणि आत न पाहता ओरडत होता, "छत! छत नको विसरू! कोपरे!" आतून चैतूचं "हो, हो" येत होतं. तो बाहेर आला तेव्हा डोक्यापासून पांढरा झाला होता. उंबऱ्यावर शिंतोडे पडले होते. मी ते दोनदा पाहिले.

पण गाव एका देवाचं नव्हतं. चैतू सात देवांचा. सहा देवांच्या घरी तोही चटईच्या बाहेरच. मग त्या घरांतला एक माणूस शिकवायचा, पाच देवांच्या घरांसाठी आणखी एक. गणपत कपाळाला हात लावून म्हणाला, "पंप एक, आन् मास्तर म्या एकला!" एका दिवसाच्या गावाला आम्हाला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी गणपत शिव्या कमी देत होता आणि सहा देवांच्या माणसाला सांगत होता की चैतूपेक्षा तुझा हात साजरा आहे.

साहेब आले तेव्हा शेवटचं घर चालू होतं. पंपावर गणपत आणि नळी गावातल्या माणसाच्या हातात, हे त्यांनी पाहिलं. विषारी औषध बाहेरच्याच्या हाती द्यायचं नाही असा नियम होता, आणि तो बरोबरही होता. "हे कुणी ठरवलं?"

"मी," मी म्हणालो. आणि मग सगळंच सांगितलं. ज्येष्ठातल्या नोंदी खोट्या आहेत, या गावातली एकही आतली खोली तेव्हा झाली नव्हती, मला दिसत होतं तरी मी लिहिलं.

नियम मोडल्याबद्दल ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी वेगळंच विचारलं. "म्हणजे लालसू माझ्याशी खोटं बोलला?"

"हो, साहेब. त्याला..."

मी मडक्याचं सांगू लागलो, पण त्यांचं लक्ष नव्हतं. कोणीतरी जवळचं दगावल्यासारखा चेहरा झाला होता. म्हणाले, "शेवटी सगळे सारखेच." त्या दिवसापासून त्यांनी निर्मळ झऱ्याचं नाव काढलं नाही. कोणत्याही गावात गेलो की ते स्वतः चटया उचलून पाहू लागले. लालसू त्यांना आधी देव वाटत होता, नंतर लबाड वाटू लागला. मधला, सुनेसाठी आणि मेलेल्या वडिलांसाठी एकाच वेळी घाबरलेला माणूस त्यांना दिसला नाही. हे मी टीका म्हणून लिहीत नाही. मलाही तो नोंदवही मिटल्यावरच दिसला.

पुढच्या हंगामाच्या यादीत माझं नाव नव्हतं. मला नागपूरला कॉलेजात जायचंच होतं, त्यामुळे तक्रार नाही. प्रवेशासाठी नोकरीचा दाखला हवा होता, म्हणून ज्येष्ठात मी आलापल्लीला गेलो. कारकुनानं ठरावीक मजकुराचा दाखला दिला. त्यात होतं, 'नोंदी व्यवस्थित ठेवतो.' मी तो घडी करून खिशात ठेवला.

त्या दिवशी बाजार होता. चारोळी आणि हिरडा विकायला आलेल्या बायकांत मला बुकली दिसली. कमरेला फडक्यात बांधलेलं लेकरू होतं, दहा महिन्यांचं. हिवाळ्यात एकदा तापलं होतं, उतरला ताप. औषधामुळेच जगलं असं मी म्हणणार नाही, मला तेवढं कळत नाही. मी हात पुढे केला तसं त्यानं माझ्या खाकी सदऱ्याकडे पाहून भोकाड पसरलं. जवळच लालसू आणि चैतू उभे होते. चैतूचं तोंड पडलेलं होतं.

लालसूनं सांगितलं. नवं पथक उद्या त्यांच्या गावी जाणार होतं. मागच्या औषधाचा जोर केव्हाच गेलेला, आणि पाऊस तोंडावर आलेला. म्हणून चैतू स्वतः पथकाच्या तळावर गेला होता आणि म्हणाला होता, आमच्या आतल्या खोल्यांत औषध मी मारतो. त्यांनी हसून त्याला हाकललं.

"मंग आता?" मी विचारलं.

"आता काय. साहेब चटया उचलाले सांगते म्हन्तात. उचलू देनार नाई आमी. ते तसंच 'झाल्या' लिहून जातीन." त्यानं लेकराकडे पाहिलं.

तळ बाजाराच्या मागेच होता. मी त्यांना घेऊन गेलो. नवा मुन्शी माझ्याच वयाचा, बहुधा माझ्यासारखाच घरातला पहिला शिकलेला. मांडीवर नोंदवही होती. मी त्याला आतल्या खोलीचं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "अरे, ह्या लोकाईचं तुले माहीत नाई. दारू असते आत. आन् पंप हाती देला तं तोडून ठेवतीन." मी म्हटलं, चैतूनं मागच्या वर्षी सात देवांची सगळी घरं मारली आहेत. तो माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, "तू यांचा कोन?"

मी त्यांचा कोणीच नव्हतो. त्यांच्या देवांचा नाही, त्यांच्या गावचा नाही. माझ्या खिशातला दाखला त्याला दाखवावा असं क्षणभर वाटलं. दाखवला असता तर त्यानं मला बसायला खुर्ची दिली असती.

"कोनी नाई," मी म्हणालो. "मागच्या साली तुझ्या जागी म्या होतो. यांच्या बावीस दारांवर म्या खोटं लिहून देलं. मले दिसत होतं तरी."

त्याचा हात नोंदवहीवर थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग चैतूकडे.

"चालवता येते काय तुले?"

चैतूनं पाण्याची बादली जवळ ओढली, त्यात पंप उभा केला आणि पायरीवर पाय ठेवला. नळी धरायला दुसरं माणूस हवं होतं. मी पुढे होणार होतो. त्याआधी बुकलीनं कमरेचं फडकं सोडलं, लेकरू सासऱ्याच्या हातात दिलं आणि नळी उचलली.